वाड्यावाड्यांतून

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. डिचोली

'मी डिचोलीचा' हे उत्तर पणजीत चालतं. डिचोलीत ते दिलं की पुढचा प्रश्न येतोच : कुठल्या वाड्यावरचा? आतीलपेठ, भायलीपेठ, सुंदरपेठ, सोनारपेठ, बंदरवाडा, मुस्लिमवाडा, गावकरवाडा, थोडं बाहेर बोर्डे, व्हाळशी, लामगाव. पायी फिरलं तर सगळं एका सकाळीत होईल एवढंच शहर. पण एका वाड्यावरून दुसऱ्यावर गेलं की देव बदलतो, घरांची ठेवण बदलते, बोलण्याचा सूरही किंचित बदलतो. या खेपेला कुठेही घाईने जायचं नाही आणि प्रत्येक वाडा त्याच्याच माणसाबरोबर बघायचा, असं ठरवून आले आहे.

आज मावशीबरोबर बंदरवाड्यावर. रस्ते रुंद झाले नव्हते तेव्हा डिचोलीचा व्यापार नदीनेच चालायचा. ही नदी पुढे मांडवीला मिळते. घाटमाथ्यावरचा माल इथे उतरायचा आणि पडावांतून खाली जायचा. आता नदी गाळाने उथळ झाली आहे. मोठा पाऊस झाला की पाणी पहिल्यांदा याच वाड्यावर चढतं, ते उपसायला पंप बसवावे लागले. जुन्या घरांचे जांभ्याचे चौथरे मात्र पुरुषभर उंच. बांधणाऱ्यांना नदीची ओळख होती. नव्या घरांचा उंबरठा थेट रस्त्याला टेकलेला दिसतो. पावसाळ्यात तिथे काय होत असेल हे विचारायची गरज नव्हती, भिंतीवरच्या ओलीच्या रेषा दिसत होत्या.

मावशीला मी विचारलं, एक वाडा संपला आणि दुसरा सुरू झाला हे कळतं कसं? तिने हद्द दाखवली नाही. म्हणाली, शिगम्याचा ढोल जिथवर जातो तिथवर आपला वाडा. आणि त्या वर्षी एखाद्या घरात सुतक असलं की त्या घरासमोर ढोल गप्प होतो. गप्प राहायचं कुठे हे ढोल वाजवणाऱ्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार. डिचोली

बुधवार म्हणजे डिचोलीचा बाजार. पहाटेपासून साळ, मये, मुळगाव, शिरगाव, कारापूर इकडून टेम्पो आणि बसेस भरून येतात. तवशी, लाल भाजी, अळू, नारळ, आमसुलं, सुकी सुंगटं, कोयते, सुपं, मातीची मडकी. कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. आपल्या गावच्या बायकांशेजारीच पाटी मांडायची, म्हणजे एकीला उठावं लागलं तर दुसरी दोघींचा माल सांभाळते. त्यामुळे बाजारातून फिरताना तालुक्यातल्या वाड्यांमधूनच फिरल्यासारखं होतं. मातीच्या भांड्यांकडे आज बराच वेळ घालवला. या भागातल्या मळ्यांची चिकणमाती चांगली, आणि मडकी करणारे हात अजून टिकून आहेत. चवथीच्या आधी यांतलेच काही हात गणपती घडवतात. पितळेच्या समयांसाठीही डिचोलीचं नाव गोवाभर आहे. एका दुकानात जुनी, मोडलेली समई दुरुस्तीला आलेली पाहिली. मालकीणबाई शेजारी उभीच. समई हातातून सोडायला तयार नव्हती. तिच्या सासूच्या सासूची असं म्हणाली.

बाजारातून परतताना खाणींचा विषय निघाला. डिचोलीत तो कुठल्याही वळणावर निघतो. पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या दशकांत इथे लोखंडाच्या खाणी वाढल्या, मुक्तीनंतर आणखी वाढल्या. सारमानसच्या धक्क्यावर खनिज बार्जमध्ये भरायचं आणि मांडवीतून मुरगावकडे न्यायचं. कित्येक घरांच्या अंगणात ट्रक आला, तुळशीवर तांबडी धूळ बसली. शिरगावात विहिरी आटल्या, शेतांत गाळ साचला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. लिलाव होऊन डिचोलीचा पट्टा आता पुन्हा सुरू झाला आहे. या सगळ्यात वाड्यावाड्यांत दोन पक्ष पडले, कधी एकाच घरात दोन. कुणाची बाजू घ्यावी हे मला सोपं नाही. ट्रकचे हप्ते फिटेनात म्हणून रात्र रात्र जागलेली माणसं याच गावांत आहेत आणि विहिरीच्या कोरड्या तळाकडे बघणारीही इथेच आहेत. मला धरून ठेवते ती एक गोष्ट : शिरगावात लइराई देवीच्या जत्रेला दोन्ही बाजूंची माणसं धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होऊन एकाच निखाऱ्यांवरून चालत राहिली.

१० ऑक्टोबर, गुरुवार. डिचोली

सकाळी नमाजगाह. उंचवट्यावर, झाडीत, भर उन्हातही शांत. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला. १६८३ च्या सुमारास राजांची पोर्तुगीजांवर मोहीम चालू असताना त्याचा मुक्काम डिचोलीत होता, त्या काळातली ही वास्तू असं मानतात. मराठ्यांच्या राज्यात, मराठ्यांच्या पाहुण्याने बांधलेली नमाजाची जागा. इतिहासाच्या शालेय पुस्तकात हे एका वाक्यात उरकतात. इथे उभं राहिलं की ते वाक्य पुरत नाही. बापाशी लढणारा राजपुत्र, त्याला पाठीशी घालणारा तरुण छत्रपती, समोर पोर्तुगीज आणि मागे मोगल. अकबर शेवटी समुद्रमार्गे इराणला गेला आणि परतला नाही.

दुपारी मुस्लिमवाड्यावर एका ओळखीच्या घरी जेवण. नव्या सोमवाराच्या गोष्टी निघाल्या. दिवाळीनंतर शांतादुर्गेचा हा उत्सव होतो, पालखी रात्रभर शहरातून फिरते, जागोजाग थांबते, गाण्याच्या बैठका रंगतात. या घरातले आजोबा त्या बैठकांना लहानपणापासून जातात. कोणत्या साली कोणत्या गवयाने कोणता राग घेतला हे त्यांनी मला बोटं मोडत सांगितलं. मधेच सुनेने आठवण करून दिली की मारव्याचं साल चुकलं. त्यांनी ते मान्य केलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. नार्वे

नार्व्याला बसने आले. मयेचा तलाव डावीकडे टाकून रस्ता खाली नदीकडे उतरतो. भात पिकलेलं, काही मळ्यांत कापणी सुरू.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंबांचा देव. त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. त्याचं मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात पाडलं. भक्तांनी लिंग नदीच्या या तीरावर आणलं. दिवाडीवरच्या त्या जागेचं नावही नार्वेच. माणसं देवाबरोबर गावाचं नावसुद्धा नदीपार घेऊन आली. पुढे शिवाजी महाराज या मुलखात आले आणि १६६८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार असा दिवस कोरलेला आहे. अलीकडे राज्य सरकारने जीर्णोद्धार केला, २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा उघडलं. मला काम आवडलं. चुना, जांभा, लाकूड यांची जुनी जातकुळी राखली आहे, भपका केलेला नाही. गोव्यातल्या अनेक देवळांना चकचकीत फरशांनी आणि स्टीलच्या कठड्यांनी घालवलं, त्या मानाने हे फार मोठं काम.

देवळाच्या आवारात फार वेळ बसले नाही. नार्वे म्हणजे देऊळ नव्हे, देवळाभोवतीचा वाडा आणि खाली नदीचा काठ. धक्क्यावर दिवाडीची फेरीबोट लागते. गोकुळाष्टमीला इथे पंचगंगेत स्नानाला दोन्ही तीरांवरून माणसं येतात. ज्या तीरावरून देव हाकलला गेला आणि ज्या तीराने त्याला घेतलं, ती दोन्ही एका दिवसासाठी त्याच पाण्यात उतरतात. बोटीवर दिवाडीची एक ख्रिस्ती बाई भेटली, माहेर नार्व्याच्या बाजूचं, पिशवीत भाजी. धक्क्यावरच्या माणसांना नावानिशी हाका मारत होती आणि तिच्या हाकेला ओ देऊन कुणी ना कुणी पाटी उचलून द्यायला येत होता.

रात्री भाच्याचा फोन. तो इटलीत सिएनाला शिकतो. माझं फिरणं ऐकून म्हणाला, "आत्या, हे तर इथलंच झालं." सिएनात सतरा मोहल्ले, त्यांना कोंत्रादा म्हणतात. हद्दी १७२९ मध्ये बव्हेरियाच्या व्हायोलांतेने हुकूम काढून कायम केल्या. प्रत्येकाचं स्वतःचं निशाण, प्रार्थनास्थळ, कारंजं : हंस, कासव, गोगलगाय, लाट, बुरूज. मूल जन्मलं की चर्चमधल्या बाप्तिस्म्याखेरीज कोंत्रादाच्या कारंज्यावर त्याचा वेगळा बाप्तिस्मा. २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या मधल्या चौकात घोड्यांची शर्यत, प्रत्येक वेळी सतरांतले दहाच घोडे धावतात. त्याला सगळ्यांत नवल वाटलं ते हे, की मोहल्ला सोडून दूर राहायला गेलेला माणूसही जन्मभर त्याच मोहल्ल्याचा राहतो. मला नवल वाटलं नाही. मावशीचा मुलगा वीस वर्षं मुंबईत आहे, शिगम्याला ढोल त्याच्याच गळ्यात असतो. फरक असेल तर एवढाच की आमच्या हद्दी कुठल्या हुकुमात लिहिलेल्या नाहीत. त्या चालून चालून पक्क्या होतात आणि चालणारे थांबले तर पुसल्या जातील. म्हणून सिएनापेक्षा डिचोलीची मला जास्त काळजी वाटते.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा. पेडणे

सकाळची पहिली बस धरून पेडणे.

श्रीभगवतीच्या देवळासमोर दोन दगडी हत्ती उभे आहेत, खऱ्या हत्तीच्या आकाराचे, काळेभोर. पोरं त्यांच्या पायांत लपतात. म्हाताऱ्या जाताजाता सोंडेला हात लावून कपाळाला लावतात. आज झेंडूच्या माळांनी देऊळ भरलं होतं आणि बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानांसमोर खाज्यांच्या राशी : बेसनाच्या काड्या, गूळ, आलं, तीळ. आता खाज्याला भौगोलिक मानांकन आहे. विकणाऱ्या बाईला त्याचा अभिमान होता आणि तिने मला दोन काड्या जास्त घातल्या.

रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं दसऱ्याला सजतात. उंच खांब, त्यांना रंगीत लुगडी एकावर एक नेसवलेली, वर छत्र. इथून पुनवेपर्यंतचे दिवस पेडण्याचे. भूतनाथाला स्वतःचं देऊळ नाही म्हणून तो रुसतो, निघून जायला बघतो, आणि एका रात्रीत देऊळ बांधून देतो अशी समजूत घालत लोक त्याला परत आणतात, असं सांगतात. ते देऊळ कधीच बांधलं जात नाही, रुसवा दरवर्षी होतो, समजूतही दरवर्षी. पुनवेच्या रात्री भूतबाधा उतरवायला दुरून माणसं येतात, त्यामुळे बाहेर या उत्सवाचं नाव वेगळ्याच कारणाने पसरलं आहे. इथल्या लोकांना त्याचं वाईट वाटतं. मलाही वाटलं. आज मी जे पाहिलं त्यात भुताखेतांचं काही नव्हतं. एक पंचाहत्तरीचे गृहस्थ तरंगाला लुगडं नेसवत होते, निऱ्या मोजत, तोंडात सुपारी. शेजारी त्यांचा नातू टाचण्या देत होता. हे काम त्यांच्या घराकडे. दोर धरायचं काम दुसऱ्या घराकडे, दिवट्यांना तेल तिसऱ्याकडे, ढोल चौथ्याकडे. नातू शिकायला पर्वरीला असतो, दसऱ्याची सुट्टी मिळाली नसती तरी आलो असतो म्हणाला.

मला वाटतं वाडा टिकतो तो इथे. घरं सुंदर असतात, ती पडतात, कुलूपबंद होतात, विकली जातात. पण टाचण्या कुणी द्यायच्या हे ठरलेलं असेल तर वर्षातून एकदा सगळ्यांना यावं लागतं, आणि एकदा आलं की पडलेल्या भिंतीचीही चौकशी होते.

देशप्रभूंचा वाडा बाहेरूनच पाहिला. अंगणामागे अंगण, चौकामागे चौक असा तो पसरत गेला आहे. पोर्तुगीज अमलात या हिंदू घराण्याला व्हायकाउंट ही पदवी होती. पेडणे पोर्तुगिजांच्या हाती उशिरा, १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून आलं. बार्देश आणि तिसवाडीत धर्मांतराची जी लाट आली तिचा काळ तोवर सरला होता. म्हणून इथे देवळं जागच्या जागी आहेत. सावंतवाडीची बोली, दशावतार, सोयरीक हे सगळं आजही चालू. याच पेडण्यात १९११ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर जन्मले, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्या त्यांच्या काळात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूला १,३८,१७० मतं पडली, वेगळं राहण्याच्या बाजूला १,७२,१९१. आज ज्या घरी उतरले आहे तिथल्या आजी विलीनीकरणवाल्या. हरल्याचं दुःख अजून आहे का विचारलं, तर म्हणाल्या, शाळा राहिली ना बाय, मग काय.

संध्याकाळी सोनं वाटलं. अनोळखी माणसांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. ती वहीत ठेवली आहेत.

१३ ऑक्टोबर, रविवार. हरमल, केरी

हरमलला गिरकरवाडा आणि खालचावाडा हे समुद्रकाठचे. मासेमारांचे वाडे. रापण ओढायला जिथे पन्नास माणसं लागत, तिथे आता किनाऱ्याला लागून खोल्या, दुकानं, रशियन आणि हिब्रू अक्षरांतले फलक. गिरकरवाड्यावरच्या बेकायदा बांधकामांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्यांनी बांधलं त्यांतले बरेच वाड्यावरचेच. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही, आणि बांधलेलं बरं म्हणताही येत नाही. होड्या ठेवायची वाळू गेली की मासेमाराचा वाडा कशावर उभा राहणार? दोन होड्या खोल्यांच्या मधल्या बोळात तिरक्या करून ठेवलेल्या होत्या.

वरच्या अंगाला मळ्यांत हरमलची मिरची. हिलाही मानांकन. बी घरोघरच्या बायका राखतात, विकत आणत नाहीत.

दुपारी केरी. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा केरकर या गावचे. उत्तर हिंदुस्थानात फौजा नाचवणारा, १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत असलेला माणूस या माडाबागेतून निघाला. गावात त्यांचं नाव घेताना 'आमचे दादा' म्हणतात, जणू परवाच घोड्यावर बसून गेले.

फेरीबोटीने तेरेखोल. नदीपलीकडचा गोव्याचा एवढासा तुकडा, तिन्ही बाजूंना महाराष्ट्र नाहीतर पाणी. किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिरंगा लावला. आल्फ्रेड आफोन्सो त्यांचा म्होरक्या. किल्ल्यात चर्च आहे आणि आता हॉटेलही.

१४ ऑक्टोबर, सोमवार. कासारवर्णे, मोपा

पठारावर विमानतळ. ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. पठाराखालच्या वाड्यांवरून आवाज येतो, बोलणारा माणूस वाक्य मध्येच थांबवतो आणि विमान गेलं की तिथूनच पुढे नेतो. पठारावर धनगरांची घरं होती, ती हलवली. त्यांचे देव कुठे गेले, असं एका म्हाताऱ्याला विचारलं. दगड आणले, म्हणाला, पण दगडांभोवती बसायला पोरं नाहीत, ती टॅक्सीवर.

परतताना पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला इथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, पंजाबचे कर्नैलसिंग इथे पडले. स्मारकासमोरून ट्रक जात होते. एका शाळेची मुलं बसमधून उतरली, रांगेत उभी राहिली आणि मास्तरांनी मराठीत सगळं नीट, न घाई करता सांगितलं. मीही मागे उभी राहून ऐकलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. मोरजी, पेडणे

मोरजीचा तेंबवाडा. इथे शापोरा नदी समुद्राला मिळते आणि वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नव्वदच्या दशकापासून वाड्यावरचीच माणसं घरटी राखतात, आधी अंडी काढून विकायची पद्धत होती. राखणाऱ्यांतला एक जण म्हणाला, बापाने अंडी विकली, मी राखली, वाळू तीच. कासवं थंडीत येतील. तोवर किनाऱ्यावर शॅकचे बांबू उतरत आहेत, आणि कोणत्या पट्ट्यात दिवा लावायचा नाही हे तो बांबूवाल्यांना आधीच समजावत फिरत होता.

मोरजाईच्या देवळात दर्शन. मोरजाई, शिरगावची लइराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया या बहिणी, असं इथे सगळे सांगतात. म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही त्यांच्यातलीच एक, तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. देवळातल्या एका बाईला मी सांगितलं की परवा शिरगावच्या वाटेवर होते. तिने लगेच विचारलं, लइराई बरी आहे ना? सासरी असलेल्या थोरल्या बहिणीची चौकशी करावी तसं. मी बरी आहे म्हणाले.

संध्याकाळी पेडण्याला परत. पुनव तोंडावर आली आहे, गल्ल्या आत्ताच भरल्या. बांद्याहून आजींचं माहेर आलं आहे, सावंतवाडीहून आणखी माणसं वाटेवर आहेत. माझी खोली त्यांना दिली. आजींनी ओसरीवर पथारी घालून दिली आणि बजावलं की रात्री दिवट्यांचं तेल आपल्या घरून जायचं आहे, बरणी जड आहे, उचलायला एक हात कमी पडतो.